मधुमेहात रक्तवाहिन्यांची सुरुवातीची इजा: सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ असताना ती पकडायची कशी? (एक चर्चा; प्रत्येक उताऱ्यावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

तपासवही

टाइप २ मधुमेहींच्या वार्षिक तपासणीची यादी नव्याने करतोय. आत्ताच्या यादीत उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), सीरम क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्तचाचणी), लघवीची रूटीन तपासणी, ईसीजी, तक्ता वाचून दृष्टी आणि पावलाची नाडी हाताने बघणं एवढं आहे.

समजा ५४ वर्षांची व्यक्ती आहे, निदान होऊन ९ वर्षं झालीत. एचबीए१सी ७.४, क्रिएटिनिन ०.९, लघवीत ‘अल्ब्युमिन निल’ (म्हणजे अल्ब्युमिन हे प्रथिन नाही), ईसीजीत काही नाही, दृष्टी ६/६, पावलाची नाडी लागते. फाइलवर ‘सर्व ठीक’ असा शेरा पडतो. पण ९ वर्षांत बारीक वाहिन्यांवर काहीच परिणाम झाला नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. मग ही यादी नेमकी कुठे आंधळी आहे?

दुसरं, घोट्याचा आणि दंडाचा दाब मोजून जे गुणोत्तर काढतात, म्हणजे एबीआय, ते काही जणांत १.३ च्या वर येतं. ते चांगलं समजायचं का? आणि ‘तुमच्या धमन्यांचं वय’ सांगणारी यंत्रं, हृदयाचा कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांतला चुना सीटी स्कॅनने मोजणं), हे यादीत घेण्यासारखं आहे का? ढोबळ सल्ला नको. चाचणी कशी करायची, कुठे फसते, हे सांगितलंत तर उपयोग होईल.

गाळणी

लघवीपासून सुरुवात करतो, कारण यादीतली सगळ्यात मोठी फट तिथेच आहे.

रूटीन तपासणीतली पट्टी अल्ब्युमिन ‘निल’ म्हणते, तेव्हा ती फक्त एवढंच सांगते की फार अल्ब्युमिन नाही. दिवसाला साधारण ३०० मिलिग्रॅमच्या आसपास जायला लागलं की पट्टीचा रंग भरवशाने बदलतो. इजेची सुरुवात ३० पासून धरली जाते. म्हणजे ३० ते ३०० हा जो टप्पा पकडायचा असतो, तोच पट्टीला दिसत नाही. त्यात माणूस भरपूर पाणी पिऊन आला असेल तर लघवी पातळ होते आणि पट्टी आणखीनच गप्प बसते.

क्रिएटिनिनचंही तसंच. किडनीकडे राखीव ताकद बरीच असते. गाळण्याची क्षमता जवळपास निम्मी होईपर्यंत क्रिएटिनिन ‘नॉर्मल’च्या चौकटीत राहू शकतं. मधुमेहाच्या सुरुवातीला तर बऱ्याच जणांत गाळणं उलट वाढलेलं असतं. शिवाय नुसता ०.९ हा आकडा कोणाचा, ते कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ५४ वर्षांच्या पुरुषात सीकेडी-ईपीआय २०२१ च्या सूत्राने ०.९ म्हणजे ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) सुमारे १०१, आणि त्याच वयाच्या बाईत सुमारे ७६. क्रिएटिनिनचा आकडा एकच, किडनी वेगळी. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर छापून यायलाच हवा.

यादीत घालायची चाचणी म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर, एसीआर. लघवी पातळ असो की दाट, दोन्ही पदार्थ सारखेच पातळ किंवा दाट होतात, त्यामुळे भागाकार टिकतो; २४ तासांची लघवी गोळा करायची गरज उरत नाही. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या वर जास्त वाढ. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति मिलिमोलमध्ये देतात, तिथे हेच आकडे साधारण ३ आणि ३० होतात. एकक न बघता रिपोर्ट वाचला तर ८ हा आकडा निर्धास्त करतो, आणि प्रत्यक्षात तो ७० च्या घरातला असतो. काही ठिकाणी ‘मायक्रोअल्ब्युमिन’ या नावाखाली नुसतं मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, क्रिएटिनिनने भागतच नाहीत. तो रिपोर्ट परत पाठवावा.

नमुना: सकाळी उठल्यावरची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धार. पहिली मिळालीच नाही तर दिवसातली कुठलीही चालते, पण वाढीव आली तर पुन्हा सकाळची घ्या. लगेच तपासता येणार नसेल तर फ्रिजमध्ये, साधारण ४ अंशांवर, आठवडाभरापर्यंत राहते. डीप फ्रीझरमध्ये टाकू नका. उणे २० अंशांवर गोठवलेल्या नमुन्यात अल्ब्युमिन कमी भरू शकतं.

आकडा खोटा वाढवणाऱ्या गोष्टी: गेल्या २४ तासांतला दमवणारा व्यायाम, ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, मासिक पाळी, साखर किंवा बीपी खूप चढलेलं असणं, हृदय कमजोर होऊन अंगावर सूज असणं. एकाच माणसाचा आकडा रोज हलतो, म्हणून एका नमुन्यावर शिक्का मारायचा नाही: ३ ते ६ महिन्यांत ३ नमुने, त्यातले २ वाढीव आले तरच खरं धरायचं. स्नायू फार कमी असलेल्या, कृश माणसात क्रिएटिनिन कमी पडतं आणि गुणोत्तर उगाच फुगतं, तेही ध्यानात असू द्या.

टाइप २ मध्ये ही चाचणी निदान झालं त्याच वेळी करायची, कारण साखर किती वर्षं आधीपासून वाढलेली होती ते कोणालाच माहीत नसतं. टाइप १ मध्ये ५ वर्षं झाल्यावर. पुढे दोन्हींत दरवर्षी, आणि सोबत ईजीएफआर. दोन्ही कशाला, तर अल्ब्युमिन अजिबात न वाढता ईजीएफआर घसरत जाणारे मधुमेही बरेच असतात. लघवीला फेस येण्याची वाट बघण्यात काही अर्थ नाही, तो फार उशिराचा निरोप आहे.

दृष्टिपटल

६/६ म्हणजे पडद्याचा मधला ठिपकाभर भाग काम करतोय. त्याच्या बाजूला काय चाललंय त्याच्याशी तक्त्याचा संबंध नाही. नव्या, नाजूक वाहिन्या उगवलेल्या असूनही ६/६ वाचणारी माणसं असतात, म्हणून दृष्टीची तपासणी आणि पडद्याची तपासणी या यादीत दोन वेगळ्या ओळी हव्यात.

शरीरात बारीक वाहिन्या थेट, कुठेही न कापता बघता येतात ती जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. तिथल्या केशवाहिन्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी असतात, पेरिसाइट. वाढीव साखरेत या पेशी लवकर मरतात, आधार गेला की भिंत तिथे फुगते, आणि टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका दिसतो. तो मायक्रोॲन्युरिझम. डॉक्टरला दिसणारी ही सहसा पहिली खूण. पुढे ठिपक्यांसारखा रक्तस्राव, पिवळट मेणासारखे साके, कापसासारखे पांढुरके डाग. पडद्याचे चार चौकोन कल्पिले, तर चारही चौकोनांत भरपूर रक्तस्राव, किंवा दोन चौकोनांत शिरांना मण्यांसारखे फुगवटे, किंवा एका चौकोनात केशवाहिन्यांचं वेडंवाकडं जाळं, यांतलं एकही असलं तर आजार तीव्र. त्याला ४-२-१ चा नियम म्हणतात.

तपासणी बाहुली मोठी करून. ट्रॉपिकामाइडचे थेंब घातल्यावर २० ते ३० मिनिटं थांबावं लागतं, आणि पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो. येतानाच सांगून ठेवा की परत जाताना गाडी चालवायची नाही; नाहीतर ऐनवेळी लोक थेंब नको म्हणतात आणि तपासणी अर्धवट होते. जुन्या मधुमेहात बाहुली मुळातच कमी उघडते, कारण तिला हलवणाऱ्या नसाही बिघडलेल्या असतात. थेंब एकदा पुन्हा घालावे लागले तर आश्चर्य नको.

कॅमेऱ्याने फोटो काढणार असाल तर ४५ अंशांचे प्रत्येक डोळ्याचे किमान दोन: एक मधल्या पिवळ्या ठिपक्यावर, एक दृष्टिनसेच्या चकतीवर केंद्र ठेवून. सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. मोतीबिंदूमुळे किंवा लहान बाहुलीमुळे फोटो धूसर येतो, त्यात काही दिसत नाही, आणि शेरा पडतो ‘काही आढळले नाही’. वाचता न येणारा फोटो हा नॉर्मल नव्हे. त्या माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचंच.

संगणकाने फोटो वाचण्याची सोय आता आहे. अमेरिकेच्या एफडीएने डॉक्टरशिवाय निकाल देणारी अशी पहिली प्रणाली, आयडीएक्स-डीआर, २०१८ मध्ये मंजूर केली. पण ती ‘सौम्यपेक्षा जास्त’ आजार आहे का, याचं उत्तर देते. नुसते चार-दोन मायक्रोॲन्युरिझम असलेला पडदा तिच्या लेखी ‘नाही’मध्येच जातो. पाठवायचं कोणाला हे ठरवायला ती उत्तम. सगळ्यात आधीची खूण शोधायला नाही. तसंच सपाट फोटोत मधल्या भागाची सूज नीट कळत नाही, त्यासाठी ओसीटी (पडद्याच्या थरांचा प्रकाशाने काढलेला स्कॅन) लागतं.

किती वेळा? टाइप २ मध्ये निदान झाल्याबरोबर, टाइप १ मध्ये ५ वर्षांच्या आत, मग वर्षाला एकदा. पडदा स्वच्छ आणि साखर ताब्यात असेल तर १ ते २ वर्षांनी चालतं. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्या तिमाहीतच बघा आणि नंतरही लक्ष ठेवा. आणि एचबीए१सी १० च्या वर असताना इन्सुलिन किंवा जोरदार औषधाने साखर झपाट्याने उतरवणार असाल तर आधी पडदा बघून घ्या. साखर वेगाने खाली आली की असलेली इजा सुरुवातीचे काही महिने वाढू शकते. म्हणून साखर उतरवायची नाही असं मुळीच नाही, फक्त डोळे झाकून उतरवू नका.

पायवाट

१.३ च्या प्रश्नाचं उत्तर: मधुमेहात हा आकडा दिलासा देत नाही, उलट संशय वाढवतो.

एबीआय नीट कसा घ्यायचा ते आधी, कारण अर्धी गडबड मोजण्यातच असते. माणसाला ५ ते १० मिनिटं पाठीवर सपाट झोपवा, बसलेल्या माणसात घोट्याचा दाब खोटा चढतो. दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा दाब घ्यायचा. घोट्याला कफ (बीपीचा हवेचा पट्टा) हाडाच्या उंचवट्याच्या जरा वर, सरळ गुंडाळायचा. स्टेथोस्कोप इथे चालत नाही. ८ मेगाहर्ट्झचा हातातला डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र), जेल भरपूर, प्रोब त्वचेशी ४५ ते ६० अंशांत तिरपा. आवाज सापडला की कफ फुगवा, आवाज बंद होईल त्याच्यावर २० मिमी जा, मग सेकंदाला साधारण २ मिमी या चालीने सोडा. आवाज परत आला तो आकडा. प्रोब दाबून धरू नका. पावलाच्या पाठीवरची धमनी हाडावरच बसलेली असते, नुसत्या बोटाच्या जोराने बंद होते आणि ‘नाडी नाही’ असं लिहिलं जातं. दंडावर लावायचं ऑटोमॅटिक बीपी यंत्र घोट्याला बांधून काम भागवणारे आहेत; दाब खरंच कमी असतो तेव्हाच ते यंत्र जास्त आकडा देतं, म्हणजे नेमका आजारी पाय सुटतो.

उदाहरण घ्या. दंड १३६ आणि १४२. उजव्या पायात पावलाच्या पाठीवर ११८, घोट्याच्या आतल्या बाजूला १२४. पायातला मोठा भागिले दंडातला मोठा: १२४ ÷ १४२ = ०.८७. ०.९० किंवा त्याखाली म्हणजे पायाच्या धमनीत अडथळा. ०.९१ ते ०.९९ सीमेवर, १.०० ते १.४० नॉर्मल, १.४० च्या वर धमनी दाबलीच जात नाही.

आता तुमचा १.३ वाला माणूस. मधुमेहात, विशेषतः नसा बिघडलेल्या आणि किडनी थकलेल्या लोकांत, पायातल्या धमन्यांच्या मधल्या थरात चुना (कॅल्शियम) भरतो. पोकळी कदाचित उघडीही असेल, पण भिंत नळासारखी कडक. कफ रक्ताचा दाब मोजतोय असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात तो भिंतीशी झुंजत असतो. घोट्याला १९० आला तर १९० ÷ १४२ = १.३४, तक्त्यात ‘नॉर्मल’. आणि त्याच पायाच्या अंगठ्याचा दाब ८४ निघाला तर ८४ ÷ १४२ = ०.५९. अंगठ्याच्या गुणोत्तराला ०.७० च्या खाली कमी धरतात. वर अडथळा आहे, चुन्याने तो झाकला, एवढाच या दोन आकड्यांचा अर्थ. बोटांच्या धमन्यांत हा चुना सहसा कमी असतो, म्हणून खरी गोष्ट अंगठा सांगतो.

अंगठ्याला साधारण २.५ सेंमी रुंदीचा कफ बुडाशी आणि प्रकाशाने नाडी टिपणारा सेन्सर टोकाच्या मांसल भागावर. पाय गार असेल तर आकडा बिनकामाचा. वाहिन्या आकसतात आणि चांगल्या पायातही दाब कमी दिसतो. खोली २३-२४ अंशांवर, पाय पांघरुणात काही वेळ ऊबदार करून मगच सेन्सर लावा. अंगठ्याचा दाब ३० च्या खाली असेल तर वार्षिक तपासणी बाजूला ठेवा आणि त्या माणसाला तातडीने रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवा.

अंगठ्याचा कफ मिळणार नसेल तर डॉपलरचा आवाज तरी ऐका. निरोगी धमनीत एका ठोक्यात पुढे-मागे-पुढे असा तिपेडी, टोकदार आवाज येतो. वर अडथळा असेल तर तो मऊ, लांबलेला, एकेरी होतो, वाऱ्याच्या झुळकीसारखा. कान महिनाभरात तयार होतो. चालताना पोटरी भरून येत नाही यावर विसंबू नका. नसा बधिर असल्या तर ती कळ जाणवतच नाही. म्हणून १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा) आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंपन जाणवतं का ते बघायला) दरवर्षी हवाच. मोनोफिलामेंट घट्ट्यावर टेकवू नका, डोळे मिटायला सांगा, वाकेपर्यंत दाबा, एक-दोन सेकंदांत उचला. एकच फिलामेंट सलग बऱ्याच लोकांवर वापरला की तो मऊ पडतो आणि १० ग्रॅमच्या आधीच वाकतो. १० जणांनंतर त्याला २४ तास विश्रांती द्या.

एबीआय सरसकट सगळ्यांना लावायची गरज नाही. ६५ च्या पुढचं वय, १० वर्षांहून जुना मधुमेह, पायाला जखम किंवा आकार बदललेला, किंवा डोळा-किडनीत इजा आधीच सापडलेली, यांना घ्या.

स्पंदन

पायवाट यांच्याशी पूर्ण सहमत. एकच भर, दोन्ही दंडांत १५ मिमी किंवा त्याहून जास्त फरक आला तर तोही धमनीतल्या अडथळ्याचा इशारा असू शकतो. मोजतोच आहोत तर लिहून ठेवा.

यंत्रांबद्दल. ‘धमन्यांचं वय’ सांगणारी बहुतेक यंत्रं नाडीच्या लाटेचा वेग किंवा आकार मोजतात. मानेपासून जांघेपर्यंतचा वेग सेकंदाला १० मीटरच्या वर गेला तर महाधमनी कडक धरतात, हे शास्त्र पक्कं आहे. पण वेग त्या क्षणाच्या बीपीवर हलतो: घाबरलेल्या माणसाच्या धमन्या दहा मिनिटांत ‘म्हाताऱ्या’ होतात. अंतर टेपने मोजताना टेप सुटलेल्या पोटावरून गेली की अंतर वाढतं आणि वेगही. बरीच यंत्रं बोटावरून किंवा मनगटावरून अंदाज बांधतात आणि हे सगळं एका ‘वया’च्या आकड्यात दडवतात. त्या आकड्याने औषध बदलत नाही. यादीत नको.

अंतःस्तराची, म्हणजे वाहिनीच्या आतल्या अस्तराची, चाचणी खरं तर सगळ्यात आधीचा बिघाड दाखवते. सेलरमायर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ती मांडली: हाताचा रक्तप्रवाह कफने ५ मिनिटं बंद ठेवायचा, सोडायचा, आणि अस्तराने नायट्रिक ऑक्साइड सोडून धमनी किती रुंदावली ते सोनोग्राफीवर मोजायचं. पण ४ मिमीच्या धमनीत ५ टक्के म्हणजे ०.२ मिमी. प्रोब केसभर सरकला की निकाल गेला. खाणं, तंबाखू, खोलीचं तापमान, मासिक पाळी, सगळ्यांनी आकडा हलतो. संशोधनाला योग्य, वार्षिक तपासणीला नाही.

कॅल्शियम स्कोअर ही चांगली चाचणी आहे, पण प्रश्न असा विचारा: निकालाने काय बदलणार? ४० ते ७५ वयाच्या मधुमेहीला स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) तसंही सुचवलं जातं. ते घ्यायला माणूस कां-कूं करत असेल, किंवा वय कमी आणि धोका मधलाच असेल, तर स्कोअर उपयोगी पडतो. शून्य आला म्हणजे चुना नाही. मऊ साका नाही असं नाही. आणि विश्रांतीतला ईसीजी सरळ आहे म्हणून हृदयाच्या धमन्या मोकळ्या, हा निष्कर्ष यादीतून कायमचा काढून टाका.

त्यापेक्षा दोन बिनखर्चाच्या गोष्टी घाला. एक, झोपवून बीपी, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा २० किंवा खालचा १० मिमीने पडला तर आपोआप चालणाऱ्या नसांचा बिघाड तपासा. दोन, पुरुषांना लिंगाच्या ताठरतेबद्दल थेट विचारा. तिथल्या धमन्या १ ते २ मिमीच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिमीच्या. त्याच आजाराची खूण आधी बारीक नळीत दिसते, बऱ्याचदा हृदयाच्या तक्रारीआधी काही वर्षं. लोक आपणहून सांगत नाहीत. खोलीत दुसरं कोणी नसताना, साध्या शब्दांत विचारा.

तपासवही

फार उपयोगाचं. एसीआरबद्दल एक व्यवहारातला प्रश्न. पहिला नमुना ६४, पण दोन दिवसांपूर्वी ताप होता. महिन्याने दुसरा २६. पडदा स्वच्छ. पुढे काय? आणि बीपी १४८/९० आहे, त्याचं औषध तिसऱ्या नमुन्यापर्यंत थांबवायचं का?

गाळणी

पहिला नमुना बाद धरा, तापातला होता. दुसरा ३० च्या आत आहे, पण काठावर. दोन-तीन महिन्यांत सकाळचा आणखी एक घ्या, ३० च्या वर आलाच तर त्यानंतर अजून एक. ६४ ला त्या दोनांत मोजू नका.

बीपीचं औषध मात्र यासाठी अडवू नका. १४८/९० पुन्हा मोजून तेवढंच भरलं तर ते मुळातच उपचार करण्याजोगं आहे, लक्ष्य १३०/८० च्या खाली. फक्त जमलं तर पहिल्या गोळीच्या आधी तो सकाळचा नमुना घेऊन टाका. एसीई इनहिबिटर किंवा एआरबी (बीपीच्या औषधांचे दोन गट) सुरू झालं की अल्ब्युमिन उतरतं, आणि मग २४ आला तर तो किडनीचा खरा आकडा की गोळीचा परिणाम, ते सांगता येत नाही. गोळी सुरू केल्याची तारीख एसीआरच्या रकान्याशेजारी लिहा. आठवडा-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघा. क्रिएटिनिन थोडं चढेल, ३० टक्क्यांपर्यंतच्या चढाला घाबरून गोळी बंद करू नका. पोटॅशियम चढलं असेल तर मात्र डॉक्टरांशी त्याच दिवशी बोला.

पडदा स्वच्छ हेही नोंदवून ठेवा. पुढे कधी डोळा असाच स्वच्छ राहून एसीआर एकदम हजारावर गेला किंवा लघवीत रक्तपेशी दिसल्या, तर दोष मधुमेहाच्या माथी मारू नका, किडनीचा दुसरा आजार शोधायला सांगा.